शांतवनचा शर्ट

रत्नमाला उमापच्या अंगावर असतो तो शर्ट पुरुषी आहे, याचं मार्केट यार्डात कुणालाच नवल नाही. तिथं कांद्याच्या गाळ्यावर निवडायला बसणाऱ्या सगळ्याच बायका साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट चढवतात, बाह्या मनगटापर्यंत ओढून बटणं लावतात आणि डोक्याला रुमाल गच्च बांधतात. ऊन लागत नाही, कांद्याची फोलपटं ब्लाउजमध्ये जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे वाकून काम करताना पदर कुठं गेला याची चिंता राहत नाही. गाळ्यावर दिवसभर पुरुषांची ये-जा. गाडीवाले, हमाल, आडत्याची माणसं. शर्ट असला की बाई निर्धास्त वाकते. ही काही फॅशन आहे असं तिथल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

रत्नमालाचा शर्ट मात्र मेलेल्या माणसाचा होता, आणि त्यावरून तिला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं होतं. तिचा नवरा शांतवन याच यार्डात हमाल होता. कावीळ झाली, ती त्यानं अंगावर काढली, आणि गेला. मेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत, कुणा गरजूला देऊन टाकावेत, असं दिरानं सांगितलं, शेजारणींनी सांगितलं. रत्नमाला म्हणाली, गरजू मीच आहे. आणि तिनं त्याचे शर्ट एकेक करून वापरायला काढले. एक फाटला की दुसरा, तो विरला की तिसरा. आता उरला होता निळ्या चौकड्यांचा, कोपरावर ठिगळ लावलेला, शेवटचा. त्याच्या खिशात शांतवन तंबाखूची पुडी ठेवायचा, ती बसचा पास ठेवते. हा फाटल्यावर काय, याचा विचार तिनं केलेला नव्हता, आणि कुणी विचारलं तर ती चिडायची.

ती राहते येरवड्याला, तुरुंगाच्या मागच्या अंगाला बैठ्या घरांची वस्ती आहे तिथं. पहाटेची बस धरून स्वारगेट, तिथून दुसरी बस धरून यार्ड. मूळची नगरकडची. तिच्या आज्यापासून घर ख्रिस्ती, जमीन कोरडवाहू आणि गळे मोठे. चर्चला ती अजून देऊळच म्हणते, तिकडच्या जुन्या माणसांसारखं. तिचं देऊळ स्वारगेट आणि कॅम्पाच्या मधल्या एका गल्लीत आहे, दगडी, बुटकं, मराठी उपासनेचं. आत बायका डाव्या हाताला बसतात, पुरुष उजव्या. डावीकडचा पुढून दुसरा बाक, मधल्या वाटेलगतची कडेची जागा, ही रत्नमालाची. तशी कुणी लिहून दिलेली नाही, पण तिच्या मुलीच्या, पूर्वाच्या, जन्माआधीपासून तिथं दुसरं कुणी बसल्याचं कुणाला आठवत नाही.

गीत सुरू झालं की ती पेटीच्या आधी सुरू होते, आणि ज्या सुरात सुरू होते तो सूर पेटीत नसतो. पेटीवाले नागोराव दर रविवारी कपाळाला आठ्या घालून तिच्या मागे धावतात. पाळकसाहेबांनी एकदा फार गोड शब्दांत सुचवून पाहिलं की जरा पेटी ऐकून मग उचललंत तर बरं. त्यावर ती म्हणाली होती, साहेब, देवाला पेटीच ऐकायची असती तर त्यानं मला कशाला बोलावलं असतं. इतकी वर्षं पुण्यात काढून तिला पुण्याचं बाकी काही चिकटलं नसेल, हे एक चिकटलं होतं.

रविवारी यार्डात गाड्यांची झुंबड असते, त्यामुळे त्या दिवशीही ती पहाटे कामावर जायची आणि उपासनेच्या आधी मुकादमाला सांगून निघायची. गाळ्यामागच्या नळावर हातपाय धुवायचे, शर्ट काढून पिशवीत घालायचा, पदर नीट करायचा आणि देवळात जाऊन बसायचं. हाताला कांद्याचा वास राहायचाच. शेजारी बसणाऱ्या बायका तेवढं सोसून घ्यायच्या, काही सोसतो आहोत हे जाणवेल इतपत.

गेल्या गुड फ्रायडेला घोटाळा झाला. आडत्याकडे दोन गाड्या एकदम आल्या आणि निवड आटपेना. दुपारी बाराला देवळात येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना सुरू होते, तीन तास चालते, आणि लहानपणापासून ती रत्नमालानं कधी चुकवलेली नव्हती. शेवटची गोणी ओढताना तिच्या ब्लाउजची शिवण खांद्यापासून पार पाठीपर्यंत उसवली. शर्टाखाली होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. नळावर तिनं शर्ट खांद्यावरून अर्धा उतरवला तेव्हा शेजारी बसून निवडणारी इंदुबाई तिला म्हणाली, "रत्ना, काढू नको गं. पाठ उघडी पडलीय समदी." इंदुबाई लातूरकडची, पंढरीची माळकरी बाई. तिला सात उद्गार ठाऊक नव्हते, पण उघडी पाठ घेऊन देवाच्या दारात जाऊ नये एवढं तिला कळत होतं. रत्नमालानं शर्ट तसाच ठेवला, वरची बटणंसुद्धा लावली, रुमाल सोडून पदर डोक्यावर घेतला आणि धावत बस धरली.

देवळाच्या दारात पद्मजाबाई उभ्या होत्या. पद्मजाबाई साबळे म्हणजे मंडळीच्या महिला संघाच्या अध्यक्षा, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या मंडळीला त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढं माणसं अजून आपोआप सरळ उभी राहायची. सणाच्या दिवशी बायकांच्या बाजूच्या दारात थांबून येणाऱ्यांना सलाम करायचा, जागा दाखवायची, हे त्यांचं काम. त्यांनी रत्नमालाला सलाम केला, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हणाल्या, "रत्नमाला, आजच्या दिवशी तरी जरा बरं नेसून यायचं होतंस. घरी जाऊन ये. तीनपर्यंत उपासना आहे."

मागे घरच्या बायकांना सोडायला आलेले पुरुष उभे होते. त्यांच्यासमोर, बाई, माझा ब्लाउज फाटलाय, असं म्हणायचं होतं का तिनं? ती वळली आणि चालायला लागली. येरवड्याला जाऊन परत यायला तीन वाजले असते हे पद्मजाबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. स्वारगेटच्या थांब्यावर ती बसली आणि रडली, आणि रडल्याचा तिला स्वतःचाच इतका राग आला की आलेली बस तिनं सोडून दिली.

त्यानंतर ती देवळात गेली नाही. पहिले दोन-तीन रविवार कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग आलं, कारण गीत पेटीबरोबर सुरू व्हायला लागलं. जूनच्या सुमाराला पाळकसाहेब स्वतः येरवड्याला आले, चहा घेतला, प्रार्थना केली, आणि म्हणाले, रत्नमालाबाई, झालं गेलं विसरा, देवाचं दार सगळ्यांना उघडं आहे.

"दार उघडंच होतं, साहेब," ती म्हणाली. "बाई उभ्या होत्या."

मग तिनं त्यांना सरळ सांगून टाकलं की ज्या कपड्यात मला परत पाठवलं त्याच कपड्यात मी आत येईन, माझ्या जागेवर बसेन, आणि नाहीतर येणार नाही. पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांनी मान हलवली आणि बिस्कीट खाल्लं. पद्मजाबाईंशी बोलण्याचं धाडस त्यांना झालं नसावं, कारण त्यांनाही लहानपणी बाईंनी शिकवलेलं होतं.

रत्नमालाची मुलगी पूर्वा खराडीच्या एका आयटी कंपनीत आहे. हुशार, कामसू, आणि आईपुढं नेहमी अर्धं पाऊल मागे. तिला आईचा हट्ट पटत नव्हता. ती एकटीच उपासनेला जायची, आईची जागा मोकळी ठेवून पलीकडे बसायची, आणि लोकांनी विचारलं की गुडघे दुखतात म्हणून सांगायची. गुडघ्यांची बातमी रत्नमालाला यथावकाश कळली. त्या दिवशी तिनं घरातला जड पलंग एकटीनं ओढून भिंतीला लावला आणि पूर्वाला म्हणाली, हे पण सांग त्यांना.

पावसाळा गेला आणि सुगीच्या सणाची तयारी सुरू झाली. या मंडळीत सुगीचा सण म्हणजे मोठा थाट. ज्याच्या घरी जे पिकतं, नाहीतर ज्याच्या हाताला जे मिळतं, ते आणून वेदीपुढच्या मेजावर ठेवायचं. ऊस, भोपळे, कोंबडा, घरी केलेले लाडू, काहीही. आणि त्या मेजाचा एक जुना रिवाज आहे. कुठल्याशा दुष्काळी वर्षी एक म्हातारी ओंजळभर हुलगे घेऊन आली, आणि पुढच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. तेव्हाच्या पाळकांनी उपासना तिथंच थांबवली आणि ठरवून टाकलं की अर्पण घेऊन कुणी येताना दिसलं की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, वाट द्यायची, आणि ते मेजावर ठेवलं जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. दिवसभरात कधीही या, शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत मेज खुलं. हे आजतागायत पाळलं जातं. लहान पोरंसुद्धा हातातला वडा खाली ठेवून उभी राहतात. रत्नमाला दर वर्षी कांद्याची लहान गोणी आणायची.

यंदा सणाच्या संध्याकाळी पद्मजाबाईंनी एक नवीन गोष्ट काढली होती. गेल्या नाताळाला तरुण मुली जे घालून आल्या होत्या ते पाहून त्यांची झोप उडाली होती. रागावून उपयोग नाही हे शिक्षिकेला कळतं, म्हणून त्यांनी फॅशन शो ठरवला. शालीन वस्त्रांचा फॅशन शो. ख्रिस्ती स्त्रीनं देवापुढं कसं यावं ते मुलींनीच नटून, चालून दाखवायचं. पटांगणात लाल गालिचा, संगीत, दिवे, सगळं कॉलेजसारखं, फक्त कपडे झाकणारे. मुली पहिल्यांदा हसल्या आणि मग भराभर नावं दिली, कारण रॅम्प तो रॅम्पच. सूत्रसंचालनाला पूर्वा होती.

एका संध्याकाळी ती घरात फेऱ्या मारत नियम मोठ्यानं वाचून पाहत होती. गळा बंद. बाह्या कोपराच्या खाली. घेर घोट्यापर्यंत. अंगाला चिकटणारं काही नको. प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकलेलं. रत्नमाला लसूण सोलत ऐकत होती. ती म्हणाली, हे सगळं तर रोज माझ्या अंगावर असतं.

पूर्वा हसली. आई हसत नाहीये हे तिच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

"माझं नाव घाल," रत्नमाला म्हणाली.

त्या रात्री मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. पूर्वाचं म्हणणं, मम्मी, तो युनिफॉर्म आहे, ड्रेस नाही, दोन्हीत डिफरन्स आहे. आई म्हणाली, तू गळ्यात कंपनीचा पट्टा घालून प्रभुभोजनाला बसतेस तेव्हा तुला कोण घरी पाठवतं? पूर्वानं विचारलं की एवढा इश्यू करण्यासारखं त्या दिवशी झालं तरी काय, बाई प्रेमानंच बोलल्या असतील. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, रत्नमालाच्या तोंडून ब्लाउजची गोष्ट बाहेर पडली.  पूर्वा आईच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की हे तू तेव्हाच सांगायचं होतंस, मी उद्याच बाईंना फोन करते, त्यांना इतकं वाईट वाटेल की त्या स्वतः तुला न्यायला येतील.

"खबरदार," रत्नमाला म्हणाली. "फाटलं नसतं तरी मी तशीच आत गेले असते. कारण सांगितलं की मग कारणाला आत घेतील. मला नाही."

पूर्वाला हे कळलं की नाही कोण जाणे. पण तिनं फोन केला तो फक्त नाव द्यायला. पद्मजाबाई आधी खूश झाल्या, कारण रत्नमाला परत येतेय असं त्यांना वाटलं. काय घालून येणार ते ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. मग त्यांनी रत्नमालालाच फोनवर बोलावून घेतलं आणि तोडगा सुचवला. त्यांच्याकडं आईचं नऊवारी रेशमी लुगडं होतं, लांब बाह्यांच्या पोलक्यासकट. ते नेसून रत्नमालानं चालावं, आपल्या जुन्या ख्रिस्ती बायका कशा दिसायच्या ते पोरींना कळेल. चांगला तोडगा होता, मनापासून सुचवलेला होता. रत्नमालानं विचारलं की तुमची आई ते लुगडं नेसून कांदे निवडायची का. पद्मजाबाई म्हणाल्या, हा शालीन वस्त्रांचा कार्यक्रम आहे, कामाच्या कपड्यांचा नाही. रत्नमाला म्हणाली, असं होय, मला वाटलं काम करणारी बाई पण शालीन असते. फोन दोन्हीकडून एकदमच ठेवला गेला, आणि नाव काही लागलं नाही.

यार्डात तिनं इंदुबाईला हे सांगितलं. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळा काढता काढता इंदुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं की तुमच्या त्या सणाला कांदे न्यायचे असतात ना दर वर्षी. रत्नमाला म्हणाली, असतात. इंदुबाई म्हणाली, "मग ने की. कांदे नेणारीला कोण अडवतंय?" आणि पुन्हा कामाला लागली. रत्नमालाच्या हातातला कांदा हातातच राहिला. इतकी वर्षं ज्या रिवाजात ती वाढली तो तिला एका माळकरी बाईनं आठवून द्यावा याची तिला थोडी लाज वाटली, आणि त्याहून जास्त हसू आलं.

सणाच्या दिवशी ती सकाळच्या उपासनेला गेली नाही. यार्डात गेली, काम केलं. संध्याकाळी निघताना आडत्याकडून चांगला, लालसर, एकसारखा कांदा निवडून घेतला आणि लहान गोणीत भरला. शर्ट आदल्या रात्री धुतलेला होता, रोजच धुवायची ती, पण इस्त्री केलेली नव्हती. इस्त्री केली असती तर तो दुसराच शर्ट झाला असता. दिवसभराच्या कामानं त्याच्यावर पुन्हा कांद्याची धूळ बसली होती. ती तिनं झटकली नाही. रुमाल मात्र काढून पदर डोक्यावर घेतला, अगदी त्या दिवशीसारखा.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, हे सांगितलं पाहिजे. भीतीच वाटली तिला. लोक हसतील याची नाही, हसणाऱ्यांना ती पुरून उरली असती. आत गेल्यावर ती जागा आपली वाटलीच नाही तर काय, याची भीती. इतके महिने ज्या बाकासाठी ती भांडत होती तो नुसता लाकडाचा बाक निघाला तर? तिनं गोणी डोक्यावर नीट घेतली आणि आत शिरली.

देवळाचं पटांगण भरलेलं होतं. देवळाच्या दारापासून पायऱ्यांवरून खाली थेट फाटकापर्यंत लाल गालिचा अंथरला होता आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या. मुली देवळाच्या दारातून बाहेर यायच्या, पायऱ्या उतरायच्या, गालिच्यावरून फाटकापर्यंत चालायच्या, कमरेवर हात ठेवून वळायच्या आणि परत जायच्या. पिस्ता रंगाचे घेरदार झगे, बंद गळ्याचे कुडते, जाळीच्या ओढण्या. एकजात देखण्या दिसत होत्या. पूर्वा पायरीजवळ माईक घेऊन उभी होती, लांब बाह्यांच्या मरून गाउनमध्ये, आणि प्रत्येकीचा पोशाख आणि एकेक वचन वाचून दाखवत होती. वर दारात, मुलींना एकामागून एक बाहेर सोडत, पद्मजाबाई उभ्या होत्या.

शेवटची मुलगी परत वर गेली. टाळ्या सुरू झाल्या. आणि त्याच वेळी गालिच्याच्या या टोकावर, फाटकाजवळ, रत्नमाला चढली.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत, विस्कळीत झाल्या. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. मग एका म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावरची गोणी पाहिली आणि सवयीनं काठी टेकत उभा राहिला. त्याच्या शेजारचा उभा राहिला. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज लाटेसारखा पुढं पुढं गेला आणि सगळं पटांगण उभं राहिलं, झगेवाल्या मुली, त्यांच्या आया, वडे खाणारी पोरं, पाळकसाहेब. कुणी बोलेना. ही माणसं कांद्यासाठी उभी राहिली आहेत, आपल्यासाठी नाही, हे रत्नमालाला चांगलं माहीत होतं. ती मान ताठ ठेवून चालत राहिली. गोणी डोक्यावर असली की मान ताठच ठेवावी लागते.

संगीत लावणाऱ्या मुलाला बंद करायचं सुचलं नव्हतं, ते वाजतच होतं. माईक चालू होता. रत्नमाला पायरीजवळ आली तेव्हा तिची आणि पूर्वाची नजरानजर झाली. पूर्वाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड उघडलेलं होतं, आणि ती काय बोलणार आहे ते रत्नमालाला दिसलं. ब्लाउजची गोष्ट. अर्पण येत असताना बोलायचं नाही हा रिवाज मोडून ती आता सगळ्यांना सांगणार, सगळे हळहळणार, आणि दार उघडणार ते दयेनं. रत्नमालानं गोणीखालून तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर माईक टाकून पळाली असती.

पूर्वा बोललीच. पण तिनं हातातला कागद उलटा केला आणि बाकीच्या मुलींसाठी वाचलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "गळा बंद. बाह्या मनगटापर्यंत. घेर घोट्यापर्यंत. डोकं झाकलेलं. शर्ट शांतवन उमाप यांचा." मग तिनं कागद खाली घेतला. "ही माझी आई."

एवढंच. रत्नमालानं गोणीवरचा हात घट्ट केला. शांतवनचं नाव या आवारात मोठ्यानं घेतलं गेलं होतं ते त्याच्या मातीच्या दिवशी, त्यानंतर आज. ती पायऱ्या चढायला लागली.

वर पद्मजाबाई दाराच्या मधोमध उभ्या होत्या. दोघी समोरासमोर आल्या, गुड फ्रायडेला आल्या होत्या तशाच. पद्मजाबाईंचे ओठ हलले. पण सगळी मंडळी मागे उभी होती, गोणी अजून मेजावर ठेवली गेली नव्हती, आणि जो रिवाज त्यांनी स्वतः तीस वर्षं पोरांना शिकवला होता तो त्यांच्याच्यानं मोडवेना. त्या बाजूला झाल्या. रत्नमालाचा शर्ट त्यांच्या साडीला घासून गेला.

आत मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मेज ऊस आणि भोपळ्यांनी भरलेलं होतं, तिनं दोन भोपळे सरकवून गोणीला जागा केली. फॅशन शोमध्ये चालून झालं की वळून परत जायचं असतं. ती वळली, डावीकडच्या दुसऱ्या बाकापाशी आली, आणि कडेच्या जागेवर बसली. बाक लाकडाचाच होता, थंड, वाटेकडच्या कडेला एक खिळा वर आलेला. तो खिळा तिला साडीतून टोचला तेव्हा तिला कळलं की आपण घरी आलो. तेव्हा मात्र तिनं डोळे पुसले, बाहीनं, कांद्याच्या बाहीनं, आणि डोळे आणखीच झोंबले.

शेवटची प्रार्थना आणि आशीर्वाद आतच व्हायचा होता. लोक आत येऊन बसायला लागले. काहींनी जाता जाता तिला सलाम केला, काहींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पूर्वा आली आणि तिच्या मागच्या बाकावर बसली, मग आईच्या खांद्यावरची कांद्याची एक पापडी काढून स्वतःच्या मुठीत ठेवली. बायकांची बाजू भरत गेली. सगळ्यांत शेवटी पद्मजाबाई आल्या. पुढून दुसऱ्या बाकावर रत्नमालाच्या पलीकडे एकच जागा उरली होती. त्या मधल्या वाटेत, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"सरक जरा, रत्नमाला," त्या म्हणाल्या.

आख्खं देऊळ ऐकत होतं. रत्नमालानं वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी इथं बसलेय, बाई. तुम्ही पलीकडून या."

पद्मजाबाई उभ्याच राहिल्या.  पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटत राहिले, जे उघडायचं होतं ते पान केव्हाच उघडलेलं असून. मग बाईंनी पदर सावरला, पुढच्या बाकाला वळसा घातला, भिंतीच्या बाजूनं, उभ्या पाहणाऱ्या मुलींसमोरून, बसलेल्या बायकांचे गुडघे ओलांडत ओलांडत आल्या, आणि रत्नमालाच्या शेजारी बसल्या. बाक अरुंद होता. निळ्या चौकड्यांची बाही त्यांच्या दंडाला लागून राहिली. त्यांनी दंड काढून घेतला नाही.

पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. नागोरावांनी भाता ओढला आणि सूर शोधायला बोटं उचलली. त्यांची बोटं पट्टीवर पोचायच्या आत रत्नमालानं गीत सुरू केलं.